ती बोट, ते बोट

माझ्या नवऱ्याला बोट लागली ती पाण्यात पाऊल न टाकता. आपल्याकडे बोट लागते म्हणजे पोटात ढवळतं, उलट्या होतात आणि किनारा आला की माणूस ठिकाणावर येतो. आमच्याकडे सगळंच उलटं. हा किनाऱ्यावरच उभा होता, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि ती बोट त्याच्या जन्माच्या आधीपासून त्याच चिखलात रुतून पडलेली. तरी लागली. आणि काय सांगू, लागली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती.

तेव्हा आम्ही पोर्ट्समथला राहायचो. मी दोन हजार साली पुण्याहून वर्क परमिटवर आले, एका विमा कंपनीच्या आयटीत टेस्टिंग करायला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड भाषेत त्यांना कळवायच्या, असं ते काम. गोड भाषा मला ऑफिसातच संपायची, घरी काही उरायची नाही. नवरा मागून आला, आमच्या लहानग्या मुलीला घेऊन. त्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. तो शब्द त्यानं विमानतळावर एकदा मोठ्यानं वाचला आणि हसला. पुढची काही वर्षं त्या शब्दानं त्याची पाठ सोडली नाही.

तो बॉयलर इंजिनियर. साखर कारखान्यांचे बॉयलर तपासत सांगलीपासून श्रीरामपूरपर्यंत फिरलेला माणूस. कारखान्यात शिरला की मॅनेजर खुर्चीतून उठायचे. इथे प्रत्येक एजन्सीनं एकच सांगितलं, यूके एक्स्पीरियन्स नाही. तो आणायचा कुठून, ते कुणी सांगेना. शेवटी एका वेअरहाउसमध्ये खोके भरायला लागला. पुठ्ठ्याच्या खोक्यात वस्तू ठेवायची, वर टेप मारायची, पुढे ढकलायचं. घरी आला की हाताला टेपचा वास यायचा आणि तो बोलायचा नाही.

हळूहळू त्याचं सगळंच बंद पडत गेलं. दाढी बंद, फोन बंद, पेपर बंद. सुट्टीच्या दिवशी मी पलंगाची चादर बदलायला जायची तर हा कडेला बसलेला, एक मोजा पायात आणि एक हातात. जीपीनं, म्हणजे इथल्या आमच्या फॅमिली डॉक्टरनं, गोळ्या दिल्या आणि रोज चालायला जा म्हणाला. मग एका संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि हा पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "मी नसलो तर तुम्हा दोघींचं तसं काही अडणार नाही, नाही का?" दूध संपलंय का असं विचारावं, तसा आवाज. मी त्याला फाडफाड बोलले, काय वाट्टेल ते बोलले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्या दिवसापासून मला धास्ती बसली. ऑफिसला निघताना मी त्याला काहीतरी काम सांगूनच निघायची. कणीक मळून ठेव. मुलीच्या शाळेच्या स्कर्टची शिवण घाल. ज्याला संध्याकाळी काम दाखवायचं आहे तो संध्याकाळपर्यंत असणार, असा माझा वेडा हिशोब. दुपारी डेस्कवर फोन वाजला की तो उचलायच्या आधी मी पर्स हाताशी ओढायची. असं कुणाला सांगणार? आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, त्याला जरा तुपाची फोडणी दे भाताला.

अशात एका रविवारी जीपीच्या सल्ल्यानं आम्ही तिघं खाडीकडे चालायला गेलो. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं आणि नुसता करडा चिखल, वर समुद्रपक्षी. त्या चिखलात एक लांबलचक अरुंद सांगाडा पडला होता, पत्र्याचा, गंजून पार लाल झालेला. मला वाटलं कुणीतरी जुनी पाइपलाइन टाकून दिलीय. सांगाड्यापाशी एक म्हातारा इंग्रज पत्र्यावरची शेवाळं खरवडत होता. तो नौदलातला निवृत्त माणूस, सगळी नोकरी बॉयलररूममध्ये काढलेली. त्यानं आणि त्याच्यासारख्या चार-पाच म्हाताऱ्यांनी ही बोट वाचवायला एक मंडळ काढलं होतं आणि हा त्याचा चेअरमन. ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली टॉर्पेडो बोट आहे, असं त्यानं आम्हाला सांगितलं. मोठ्या जहाजाजवळ सुसाट जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि पळून यायचं, एवढ्यासाठी बांधलेली. मी "अच्छा" म्हटलं आणि मुलीची टोपी सारखी केली.

नवरा म्हणाला, "बॉयलर कुठल्या प्रकारचा होता?"

किती महिन्यांनी त्यानं कुणाला आपणहून काही विचारलं होतं. म्हाताऱ्यानं खरवडणं थांबवलं. "रेल्वेच्या इंजिनात असतो तसा," तो म्हणाला. "एवढ्या चिंचोळ्या बोटीत?" नवरा म्हणाला. "कोळसा टाकणाऱ्या स्टोकरना उभं राहायला जागा कुठे?" आणि मग ते दोघं जे सुरू झाले ते भरतीचं पाणी बुटांना लागेपर्यंत. मुलीला भूक लागली, ती रडली, मी तिला घेऊन चिप्स आणायला गेले, परत आले तरी यांचं चालूच. घरी येताना हा पूर्ण रस्ता बोलत होता. चिखलाचे बूट घेऊन कार्पेटवर चढला आणि मी एक शब्द बोलले नाही.

आमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून त्या बोटीनं एका पेचात टाकलं. चौथं वर्ष संपता संपता इथे आलेली पोर, शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रज, तिचं मराठी म्हणजे ती-तो-ते सगळं एका टोपलीत. घरी मराठीतच बोलायचं, फोनवरसुद्धा, हा बापाचा नियम. तर त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, ते बोट किती जुना आहे?"

बापानं उजव्या हाताची तर्जनी तिच्या नाकासमोर धरली. "ते बोट, हे. याला ते म्हणायचं. पाण्यात चालते ती बोट. ती. जुनी."

"पण ते पाण्यात नाही चालत. ते मडमध्ये आहे."

"तरीही ती."

तिला हे फारच गमतीचं वाटलं. मग तो एक खेळच झाला. ती चुकायची, हा तर्जनी वर करायचा, ती ते बोट मुठीत पकडून ओढायची आणि ओरडायची, "ते बोट, ते बोट." तिला लहानपणी हेच बोट धरून त्यानं चालायला शिकवलं होतं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची की अरे जेवा आधी. पण खरं सांगायचं तर मला तो गोंधळ ऐकत उभं राहावंसं वाटायचं.

मंडळाला इतिहास लिहायला माणूस हवा होता. तिथले सगळे म्हातारे हातोडीवाले, लेखणीवाला कुणी नाही. हा म्हणाला, मी करतो. मग सुट्टीच्या दिवशी ट्रेननं लंडनला जायचं, आर्काइव्हमध्ये बसायचं, पेन्सिलीनं उतरवून आणायचं. येताना वाट वाकडी करून वेम्बलीच्या देशी दुकानांत जायचा आणि माझ्यासाठी कढीपत्ता, ओली हळद आणायचा. जेवणाच्या टेबलावर कढीपत्त्याबरोबर त्या बोटीचा सेवाकाळ पसरायचा. तिला नाव नव्हतंच. नौदल अशा बोटींना नुसता नंबर द्यायचं.

मी तो इतिहास इतक्यांदा ऐकला आहे की झोपेत सांगीन. रशियाशी युद्ध होणार अशी हूल उठली म्हणून सरकारनं घाईघाईनं असल्या बोटी बांधायला काढल्या. ही थेम्सच्या काठी बांधली. बांधून होईपर्यंत हूल विरली. मग चाचण्या झाल्या, वेग चांगला आला, आणि तिला शेडखाली राखीव म्हणून ओढून ठेवली. उन्हाळ्यात खोट्या लढाया व्हायच्या, त्यात तिला काढायचे. त्यातल्या एकीत तिनं आपल्याच बाजूच्या कोळशाच्या पडावाला टक्कर दिली आणि नाक वाकवून घेतलं. नाक सरळ करून पुन्हा शेडखाली. तेवढ्यात तिच्याहून मोठ्या, वेगवान विनाशिका आल्या आणि हिला नव्या स्टोकरना शिकवण्यापुरती ठेवली. पहिल्या महायुद्धात म्हातारपणी तिला बंदराच्या तोंडाशी पहाऱ्याला लावलं. ती पहारा देत राहिली आणि तिथे कुणी आलंच नाही. युद्ध संपल्यावर विकली, बॉयलर आणि इंजिन काढून घेतलं, वर लाकडी खोल्या चढवल्या आणि लोक त्यात घर करून राहिले. एका बाईनं म्हणे डेकवर जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या होत्या. मग ती बाईही गेली आणि बोट चिखलात बसली.

"म्हणजे हिनं केलं काय?" मी एकदा न राहवून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"एकसुद्धा टॉर्पेडो नाही?"

"शत्रूवर नाही. सरावाचे सोडले." तो ताटातली कढीपत्त्याची पानं कडेला लावत होता. "तयार ठेवलेली होती गं. प्रत्येक वेळी वाफ धरून तयार. कुणी बोलावलंच नाही तिला."

बोटीबद्दल बोलतोय असं त्याला वाटत होतं.

त्या बोटीच्या नावानं मी बोटं मोडली नाहीत असं नाही. शनिवारी घरातली कामं पडलेली आणि हा चिखलात. जीन्स धुवून धुवून आमचं वॉशिंग मशीन भरून यायचं. पण तो दाढी करायला लागला होता. दोन्ही मोजे सकाळीच पायात असायचे. मी निघताना काम सांगायचं बंद केलं आणि दुपारी फोन वाजला तर हातातलं काम पुरं करून मग उचलायला लागले. एवढं मला एका गंजक्या सांगाड्यानं दिलं. मी त्याला आणखी काय मागणार?

आणि मग खाडीकाठची ती जमीन विकली गेली. नव्या मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते आणि समोर याटींसाठी जेटी. चिखल उपसायचा म्हणजे आधी सांगाडा काढायचा. तो हलवून ठेवायला दुसरी जागा मंडळाकडे नव्हती आणि पैसेही नव्हते. एकच वाट होती. ती बोट राष्ट्रीय महत्त्वाची आहे असं सरकारच्या वारसा खात्यानं ठरवलं तर तिला कुणी हात लावू शकणार नव्हतं. त्यासाठी सेवाकाळाचा अहवाल द्यायचा. अहवाल लिहिणारा अर्थात आमचा हा.

मंडळाची बैठक आमच्या घरी झाली. मी बटाटेवडे केले होते, म्हाताऱ्यांनी ते काट्यानं कापून खाल्ले. चेअरमन तोंड पुसून म्हणाला की, त्याच्या मनात एक विचार आला आहे. त्या काळात अशाच काही टॉर्पेडो बोटी मुंबई बंदराच्या रक्षणासाठीही बांधल्या होत्या, हे नवऱ्यानंच शोधून सगळ्यांना सांगितलं होतं. आमची बोट त्यांतलीच एक असेल तर? मुंबईला जाऊन परत आलेली बोट, आणि तिचा इतिहास लिहिणारा मुंबईकडचा माणूस. वारसावाले नाही म्हणूच शकणार नाहीत.

"ती नाही," नवरा म्हणाला. "मुंबईच्या बोटी हिच्यापेक्षा लांब होत्या. मी मोजलीय."

मोजली होती खरी. टेपचं एक टोक मुलीच्या हातात, दुसरं याच्या, आणि मधे चिखलातून दोघं बदकासारखे फतक फतक चाललेले. मी काठावरून पाहिलं होतं.

"शेपटीकडचा भाग तुटून गेला असेल," चेअरमन म्हणाला.

"शेपूट जागेवर आहे. सुकाणूचा दांडासुद्धा आहे."

"ते आपल्याला माहीत आहे," म्हातारा अगदी हळू म्हणाला. "चिखलाखाली आहे ते. ती मंडळी काही खणून बघणार नाहीत. तुम्ही फक्त लिहा, शक्यता नाकारता येत नाही. एवढंच."

खोलीत सगळे याच्याकडे बघत होते. मीसुद्धा, हातात वड्यांची बशी धरून. हा म्हणाला, "मला नाकारता येते. मी मोजलीय."

म्हातारे गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, एक वाक्य लिहायचंय, कुणाचा खून करायचा नाहीये. कुणाचं नुकसान होतंय? कोण येणार आहे फुटपट्टी घेऊन? तो म्हणाला, "बॉयलर तपासताना मी कधी खोटा शेरा मारला नाही." मी म्हटलं, हा बॉयलर नाहीये, फुटून कुणी मरणार नाहीये. तो म्हणाला, "तिला मुंबईची म्हणायचं म्हणजे तिचं जे काही होतं तेही काढून घ्यायचं. होतं काय तिच्याकडे? शेड आणि पहारा. तेवढं तरी तिचं राहू दे." मी हात टेकले. पण माझं मत मी अजून बदललेलं नाही. लिहायला हवं होतं. खोट्या वाक्यानं माणूस जगत असेल तर लिहावं ते वाक्य, चांगल्या अक्षरात लिहावं.

वारसा खात्याकडून एक तरुण बाई आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घालून चिखलात उतरली, नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, अहवालाची तोंडभरून स्तुती केली. इतका प्रामाणिक अहवाल क्वचित वाचायला मिळतो, म्हणाली. तो त्या दिवशी घरी येऊन शीळ वाजवत होता. मी मनात म्हटलं, बाई गं, स्तुती नको, शिक्का दे. काही आठवड्यांनी निकाल आला. बॉयलर नाही, इंजिन नाही, आणि सेवाकाळात उल्लेखनीय असं काही घडलेलं नाही. हे शेवटचं वाक्य त्याच्याच अहवालातून घेतलं होतं.

चेअरमनला यानंच फोन करून सांगितलं, शांतपणे. पण दुसऱ्या दिवसापासून माझी पुन्हा निघताना काम सांगायची सवय सुरू झाली.

बोट तोडायचा दिवस मुलीच्या शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आला. हा म्हणाला, मी जाणार. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास, नको जाऊस. तर म्हणाला, कुणीतरी तिथे असायला हवं. मुलगीही हट्ट करून त्याच्याबरोबर गेली. मला रजा मिळाली नाही. मी मीटिंगमध्ये होते, मोबाइल थरथरला, त्याचा नंबर. उचलला तर पलीकडे मुलगी, रडून रडून आवाज फाटलेला.

"आई, बाबाचं बोट कापलं."

"काय?"

"बाबाचं बोट कापलं, आई. मशीननं. तू ये."

आणि फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. मी मीटिंगमधून उठले, काय बोलले आठवत नाही, बहुतेक मराठीतच बोलले असेन. एका सहकारी बाईनं मला गाडीत घातलं. रस्त्याभर माझ्या डोळ्यांपुढे तेच. कटर, पत्रा आणि त्याचा उजवा हात. हा मधे पडला असणार. थांबवायला गेला असणार. आणि त्याहूनही वाईट विचार आला, की चुकून नसेल, यानं मुद्दामच हात घातला असेल. ती बाई म्हणत होती की आता बोटं जोडतात, बर्फात ठेवायचं असतं फक्त. मी तिला म्हटलं गाडी चालव, बोलू नकोस.

खाडीवर पोहोचले. हा काठावर उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात, शेजारी मुलगी त्याच्या कोटाला चिकटलेली. रक्त नाही, अँब्युलन्स नाही. मी धावत जाऊन त्याचे हात खिशातून ओढून काढले. दोन्ही पंजे उलटे-सुलटे केले, एकेक बोट दाबून पाहिलं. सगळी होती. थंडगार, पण होती. मी तिथेच चिखलात खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"ही म्हणाली बोट कापलं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिचा चेहरा एवढासा झाला. "ती," ती पुटपुटली. "ती बोट. बाबाची बोट कापली. सॉरी, आई."

मी तेव्हा कुठे पलीकडे पाहिलं. क्रेन लागलेली, आणि सांगाड्याचे तुकडे ट्रकवर चढत होते. नाक आधीच गेलं होतं. शेपूट चिखलातून वर निघताना दिसलं, अख्खं, सुकाणूच्या दांड्यासकट. चेअरमन लांब आपल्या गाडीत बसून होता, बाहेर आला नाही.

नवऱ्यानं आपले हात माझ्या हातातून सोडवून घेतले आणि परत खिशात घातले. "बोट कापलं असतं तर शिवता तरी आलं असतं," तो म्हणाला.

त्यानंतर तो पुन्हा आजारी पडला असं म्हणता येत नाही. वेअरहाउसला जायचा. दिलेली गोळी घ्यायचा. सांगितलेलं काम करून ठेवायचा, कणीक इतकी मऊ मळायचा की पोळ्या करताना माझा जीव कासावीस व्हायचा. जीपी म्हणाला, प्रकृती स्थिर आहे. मला त्या स्थिर शब्दाची चीड आली. चिखलातली बोटही स्थिरच होती की. लंडनला जाणं बंद झालं, कढीपत्ता बंद झाला. चेअरमनचे फोन आले, यानं घेतले नाहीत. नंतर तेही बंद झाले. मी रोज दुपारी डेस्कवरच्या फोनकडे बघत बसायची, आणि तो वाजला नाही की वाटायचं, आजचा निघाला.

एक दिवस संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. आमटी-भात, मुलीसाठी बटाट्याच्या काचऱ्या. मुलगी काचऱ्या चिवडत होती. मधेच मान वर करून म्हणाली, "बाबा, ते बोट आता कुठे असेल?"

मी थांबले. त्याचा उजवा हात ताटाशी होता, तर्जनी भाताला लागलेली.

"वितळवली असेल," तो म्हणाला.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, "ते बोट खूप मोठा होता ना, बाबा?"

"हो," तो म्हणाला.

तो हात धुवायला उठला आणि मग झोपायच्या खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज आला. मी ताटं गोळा करायला लागले. मला तिचा रागच आला, सगळं माहीत असून हिला आत्ताच हे विचारायचं होतं का. मी म्हटलं, "ती बोट असते गं. मोठी होती. किती वेळा सांगायचं तुला?"

"मला माहितीये, आई," ती म्हणाली. "मी रोज मुद्दाम चुकते."